फुटाण्याच्या गळ्यातला मी

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे, आणि तुम्ही मला हात लावायला कचरलात तर मला मुळीच राग येणार नाही. कोलकात्यात लेक गार्डन्स स्टेशनच्या मागच्या गल्लीत प्राण्यांचा एक लहानसा दवाखाना आहे. तिथे तपासणीच्या टेबलाशेजारी भिंतीत एक खिळा ठोकलेला आहे. त्या खिळ्याला मी लटकत असतो. माझी बॅटरी कधीच संपली आहे आणि माझ्या पट्टीवर धुळीचा थर बसला आहे.

जुन्या वस्तू बोलू लागल्या की त्यांचं रडगाणं ठरलेलं असतं. आम्ही इतके राबलो, आमचं इतकं कौतुक झालं, आणि आता आम्हाला कुणी विचारत नाही. माझं सगळंच उलटं आहे बघा. मी जेव्हा राबत होतो त्याच दिवसांची मला लाज वाटते. माझं कौतुक झालं ते आठवलं की तोंड कुठे लपवू असं होतं. आता कुणी विचारत नाही, हेच त्यातल्या त्यात बरं चाललं आहे.

माझा जन्म एका दूरच्या कारखान्यात झाला. काळी जाड पट्टी, तिच्यावर काडेपेटीएवढी एक डबी, आणि डबीतून आतल्या बाजूला निघालेली पोलादाची दोन बोथट टोकं. गळ्याला टेकतात ती हीच. डबीच्या पोटात बॅटरी आणि आवाज टिपणारा एक बारीकसा कान. कुत्रा भुंकला की तो आवाज माझ्या कानावर पडायचा आणि टोकांतून विजेचा झटका जायचा. कुत्र्याने काही दिवसांत भुंकणं सोडून द्यावं, एवढंच माझं काम. मला पट्टा म्हणतात खरं, पण माझ्यात पट्ट्याचं असं काहीच नाही. पट्टा धरून माणूस आणि कुत्रा बरोबर फिरायला जातात. मी बनलो ते माणूस घरी नसताना कामाला यावं म्हणून.

मला एका रंगीत खोक्यात घातलं. खोक्यावर हसऱ्या कुत्र्याचं चित्र होतं आणि खाली ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘सौम्य. सुरक्षित. पशुवैद्यांनी शिफारस केलेला.’ काय सांगू तुम्हाला, त्या शेवटच्या ओळीने माझं डोकंच फिरलं. गोदामात शेजारच्या फळीवर साधे चामड्याचे पट्टे होते, घुंगरू लावलेले होते. मी त्यांच्याकडे बघायचोसुद्धा नाही. ते नुसते बाजारू आणि मी डॉक्टरांच्या शिफारशीचा, असं मला खरोखरच वाटायचं. उथळ पाण्याला खळखळाट फार, ते काही खोटं नाही.

ज्या घरी मी आलो, ते दिगंबरांचं घर. दिगंबर मूळचे नाशिकचे. तेल कंपनीत अधिकारी. बदली होऊन कोलकात्याला आले. त्यांचं काम बजबज या गावच्या डेपोत, म्हणून लेक गार्डन्सला भाड्याने फ्लॅट घेतला होता, स्टेशन जवळ पडावं म्हणून. त्यांची बायको कालिंदी सेक्टर फाइव्हमधल्या एका ऑफिसात कामाला होती. मुलगी चैत्राली पाचवीत. तिचं मराठी घरापुरतं होतं, खेळताना ती बंगाली बोलायची, शाळेत इंग्रजी, आणि रागावली की तिन्ही एकदम.

चौथा फुटाणा. त्याला दिगंबरांनीच आणला होता, हे लक्षात ठेवा, कारण पुढे तुम्ही त्यांच्यावर फार चिडणार आहात. बजबजच्या फलाटावर एक पिल्लू रोज संध्याकाळी त्यांच्या बुटांमागे लागायचं. एका पावसाळी संध्याकाळी त्यांनी ते उचलून डब्याच्या पिशवीत ठेवलं आणि लोकलमधून घरी आणलं. भाजलेल्या हरभऱ्यासारखा रंग आणि तव्यावर टाकल्यासारख्या उड्या. कालिंदीने बघताक्षणी त्याचं नाव फुटाणा ठेवलं. संध्याकाळी ती देवापाशी दिवा लावून घंटी वाजवायची, तेव्हा हा शेजारी बसून मान वर करून लांब सूर लावायचा. “आला बाई आमचा टाळकरी,” असं ती हसून म्हणायची. हे मी ऐकलेलं सांगतो आहे. मी त्या घरात आल्यावर तो सूर कुणीच ऐकला नाही.

अडचण दिवसाची होती. तिघं सकाळी बाहेर पडायची ती संध्याकाळी परतायची. फुटाणा घरात एकटा. मग तो दाराशी बसून भुंकायचा. लिफ्ट वाजली की भुंकायचा, कुणाची पावलं ऐकली की भुंकायचा, आणि काहीच ऐकू आलं नाही तर त्याचंच भय वाटून भुंकायचा. आणि त्या इमारतीत दुपारचं वरण-भात-मासे जेवून घटकाभर आडवं होणं हा जवळजवळ धर्म. बरोबर खालच्या मजल्यावर यामिनीबाई राहायच्या. निवृत्त मुख्याध्यापिका, वय झालेलं, मुलगा परदेशात. इथे मोठ्या बायकांना माशिमा म्हणतात, म्हणून सगळी इमारत त्यांना यामिनीमाशिमा म्हणायची. त्यांनीच सोसायटीकडे तक्रार केली. सेक्रेटरींनी दिगंबरांना अगदी गोड शब्दांत सांगितलं की दुर्गापूजेच्या आत कुत्र्याला गप्प करा, नाही तर त्याची दुसरीकडे सोय बघा.

आता बदलीवाल्या माणसाचा एक स्वभाव बनत जातो. आपण इथे चार दिवसांचे पाहुणे, कुणाच्या डोळ्यांवर यायला नको, उद्या कुणी म्हणायला नको की मराठी लोक आले आणि कटकट घेऊन आले. दिगंबर जिन्यात कुणी भेटलं तरी भिंतीला चिकटून वाट द्यायचे. असा माणूस खालच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवेल, बसून दोन गोष्टी बोलेल, हे शक्यच नव्हतं. त्यापेक्षा त्यांना डॉक्टरांकडे जाणं सोपं वाटलं.

याच दवाखान्याच्या नूपुर डॉक्टरांकडे ते गेले. कुत्र्याचा आवाज बंद करायचं ऑपरेशन असतं म्हणे, ते करून मिळेल का, असं त्यांनी हिंदीत विचारलं. डॉक्टर नाही म्हणाल्या. भुंकणं हा आजार नाही, आणि आजार नसताना मी काही कापत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. दिसायला रुबाबदार म्हणून कान कापणं, शेपूट तोडणं, शेजाऱ्यांसाठी आवाज कापणं, या सगळ्यावर आमच्या पेशातल्या लोकांनी पुष्कळ विचार केला आहे आणि याच्या विरोधात आम्ही उभे आहोत. झटके देणारे पट्टे मिळतात, तेही आणू नका, हे त्यांनी न विचारताच सांगून टाकलं. तो तुम्हाला हाक मारतो आहे, त्याला दिवसा सोबत हवी. सकाळी दमवून आणा, आणि शेजारी कुणाला विचारून बघा, दुपारी थोडा वेळ त्याच्यापाशी बसतील का.

झालं. बाकी सगळं दिगंबरांना पटलं होतं, पण शेजारी विचारा म्हटल्याबरोबर ते घामाघूम झाले. ज्यांनी तक्रार केली त्यांच्याच दारात कुठल्या तोंडाने उभं राहायचं? घरी परत येईपर्यंत त्यांनी मोबाइलवर मला मागवलं होतं.

मी खोक्यातून बाहेर आलो तेव्हा कालिंदी म्हणाली, “अहो, पण डॉक्टर नको म्हणाल्या ना?”

दिगंबरांनी खोकं फिरवून तिला ती ओळ दाखवली. “हे बघ, याचीसुद्धा डॉक्टरांनीच शिफारस केली आहे. डॉक्टरांमध्ये दोन मतं असतातच.”

तिने ओळ वाचली. तिलाही फुटाणा घरात राहायला हवाच होता. ती गप्प बसली आणि माझी छाती फुगली. माझ्या खोक्यावरच्या एका ओळीने शिकल्या-सवरल्या बाईचं तोंड बंद झालं होतं, म्हणजे कुत्र्याच्याही आधी. तेव्हा मला तो माझा पराक्रम वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिगंबरांनी मला फुटाण्याच्या गळ्यात बांधलं. त्याला वाटलं फिरायला जायचं. तो आनंदाने गोल गोल फिरला आणि मान पुढे करून उभा राहिला. मग दार बंद झालं. लिफ्ट खाली गेली. तो नेहमीसारखा भुंकला आणि मी माझं काम केलं.

त्याने मागे वळून पाहिलं. कुणी चावलं का, हे तो शोधत होता. खोलीत कुणीच नव्हतं. तो पुन्हा भुंकला, विचारल्यासारखा, आणि मी पुन्हा माझं काम केलं. मग तो पळत जाऊन चैत्रालीच्या पलंगाखाली शिरला, पण मी त्याच्या गळ्यातच होतो, त्यामुळे मीही त्याच्याबरोबर पलंगाखाली गेलो. जिथे तो लपायला गेला तिथे मी आधीच होतो, याची मला आज इतकी लाज वाटते की दुसरं काही सांगितलं नाही तरी चालेल. पण सांगायला हवंच.

थोड्याच दिवसांत घर शांत झालं. यामिनीमाशिमांनी आभार म्हणून संदेश नावाच्या बंगाली मिठाईचा डबा वर पाठवला. सेक्रेटरींनी दिगंबरांच्या पाठीवर थाप मारली. दिगंबर ऑफिसात सांगायचे की एक पट्टा आणला आणि काय जादू झाली, बिचारा कसा शहाणा झालाय. संध्याकाळी घरी आल्यावर मला काढून टीव्हीशेजारी ठेवताना ते म्हणायचे, मोठा गुणी पट्टा हो. मी ते ऐकायचो आणि सुखावायचो.

फुटाणा शहाणा झाला नव्हता. तो गप्प झाला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं झालं होतं. घरात माणूस नाही ही चूक कुणाची, आणि शिक्षा कुणाला. कधी कधी तो तोंडसुद्धा उघडायचा नाही आणि तरी मी झटका द्यायचो. स्टेशनात शिरणाऱ्या लोकलचा भोंगा असेल, शेजारच्या कुकरची शिट्टी असेल. माझा कान स्वस्तातला होता. भुंकणं कोणतं आणि भोंगा कोणता, हे मला ओळखता येत नव्हतं. संध्याकाळी मी गळ्यात नसलो तरी तो आता घंटी वाजली की उठून बाल्कनीत जायचा. दार उघडलं की धावत यायचा नाही, बसल्या जागेवरून शेपूट हलवायचा. कालिंदीला वाटलं, वय वाढलं की कुत्री शांत होतात. चैत्राली मात्र एकदा म्हणाली, “आई, फुटाणा आता हसतच नाही.” कुत्री हसतात कुठे, म्हणून तिला गप्प केलं.

मग गणपती आले. कोलकात्यात गणपतीची धामधूम आपल्याकडच्यासारखी नसते, इथे सगळी वाट बघतात दुर्गापूजेची. म्हणून इथली मराठी माणसं त्या एका संध्याकाळी कुणा एकाच्या घरी जमतात आणि वर्षभराची हौस भागवून घेतात. कुणी सॉल्ट लेकहून येतं, कुणी गार्डन रीचच्या रेल्वे कॉलनीतून येतं. त्या वर्षी मान दिगंबरांच्या घराचा होता. दिगंबरांनी रजा घेतली होती, कालिंदी पहाटेपासून मोदकांच्या मागे होती. आणि दिगंबरांनी त्यांच्या नेहमीच्या भिडस्तपणाने जिन्यात भेटलेल्या यामिनीमाशिमांना सांगून ठेवलं होतं की संध्याकाळी जरा आवाज होईल, माफ करा, आणि प्रसादाला नक्की या.

पाहुणे येणार, बेल वाजत राहणार, लहान मुलं घाबरतील, म्हणून सकाळीच मला फुटाण्याच्या गळ्यात घातलं. माझ्या डबीवर जोर कमी-जास्त करायचं एक बटण होतं. दिगंबरांनी ते एक खूण पुढे सरकवलं आणि मला एक भोक घट्ट ओढलं. मग त्याची साखळी आतल्या बोळात, चपलांच्या रॅकला बांधली. कामाच्या धांदलीत संध्याकाळपर्यंत मी तसाच राहिलो.

आरतीला घर गच्च भरलं. बाहेरून आलेल्या मराठी माणसांनी आरती म्हणायची म्हणजे काय असतं, ते ज्यांनी ऐकलं त्यांनाच माहीत. वर्षभर ऑफिसात हिंदी-इंग्रजी बोलून दबलेला आवाज एकदम मोकळा सुटतो. चार झांजांच्या जोड्या होत्या, बाकीचे टाळ्या वाजवत होते, आणि चैत्राली अगदी पुढे देवापाशी घंटी वाजवायला उभी होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले.

पहिली झांज वाजली आणि मी फुटाण्याला झटका दिला. तो भुंकला नव्हता. तो अंग चोरून बसला होता. मला झांज आणि भुंकणं यांतला फरक कळत नव्हता, एवढंच. तो कळवळला, तर त्या कळवळण्यालाही मी झटका दिला. मग पुढची झांज. मग टाळी. तो मागे ओढू लागला, साखळी ताणली गेली, माझी टोकं आणखी रुतली. तो ओरडत होता, मित्रांनो, जिवाच्या आकांताने ओरडत होता, आणि त्या गजरात ते कुणालाही ऐकू येत नव्हतं. दारूगोळ्यासारखा मी एकामागून एक उडत होतो आणि समोर देवाचं नाव चाललं होतं.

चैत्रालीने मागे वळून पाहिलं. गर्दीच्या पायांमधून तिला बोळात काहीतरी दिसलं असावं. तिने बाबांचा कुडता ओढला. दिगंबरांनी डोळे न उघडता मान हलवली. आरती मध्येच सोडत नाहीत, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं. ती पुन्हा समोर वळली आणि घंटी वाजवत राहिली. गणपतीची झाली, मग देवीची, मग शंकराची, मग कुणाला आणखी एक आठवली. ज्याला जी येते ती म्हणायची, अशीच रीत.

त्या घरातल्या मोठ्या माणसांत एकाचेच डोळे उघडे होते. यामिनीमाशिमांना आरतीचा शब्दही येत नव्हता, त्यामुळे त्या बोळाच्या तोंडाशी ठेवलेल्या खुर्चीवर बसून इकडेतिकडे बघत होत्या. त्यांनी फुटाण्याला पाहिलं. त्या उठल्या. “ओर गलाय ओटा की?” असं त्या म्हणाल्या, म्हणजे याच्या गळ्यात ते काय आहे. कुणी ऐकलं नाही. मग गुडघे दुखत असतानाही त्या जमिनीवर बसल्या आणि मला सोडवू लागल्या. माझी टोकं त्यांच्या बोटांना लागली, तेवढ्यात झांज वाजली, आणि मी त्या म्हाताऱ्या बाईंनाही झटका दिला.

त्या किंचाळल्या. आणि आरती थांबली. कुत्रा इतका वेळ ओरडत होता तेव्हा थांबली नव्हती, माणूस एकदा ओरडलं आणि थांबली. झांजा खाली आल्या, सगळे बोळाकडे वळले, आणि दिगंबरांनी डोळे उघडले.

यामिनीमाशिमांच्या हातात मी होतो. फुटाण्याच्या गळ्यावर दोन ओल्या लाल जखमा होत्या, जिथे मी रोज टेकायचो तिथेच. कालिंदीच्या हातातलं तबक तसंच राहिलं. माशिमांनी माझ्याकडे पाहिलं, दिगंबरांकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. दुपार एवढी शांत का झाली, आपण संदेशचा डबा कशासाठी पाठवला.

त्या तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणाल्या, “दिगंबरबाबू, मी शांतता मागितली होती. हे नव्हतं मागितलं.” आणि मग अगदी हळू, “मला का नाही विचारलंत? मी दिवसभर एकटीच तर असते.”

एवढं साधं होतं. एक जिना उतरून बेल वाजवायची होती. दिगंबर पुढे आले. खाली बसून त्यांनी फुटाण्यापुढे हात केला, तर तो मागे सरकला. चैत्रालीने त्याच्यासमोर मोदक ठेवला, तो त्याने हुंगलासुद्धा नाही. पाहुणे हळूहळू प्रसाद घेऊन निघून गेले. त्या वर्षी कुणीही मोठ्याने हसून निरोप घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे दवाखान्यात आले. फुटाणा, तिघं, आणि हट्टाने यामिनीमाशिमासुद्धा. मलाही खोक्यासकट आणलं होतं. नूपुर डॉक्टरांनी जखमा धुतल्या, औषध लावलं, गळ्यावरचे केस कापले. त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी खोकं हातात घेऊन ती ओळ वाचली आणि दिगंबरांना एवढंच विचारलं, “कोणत्या डॉक्टरांनी?”

दिगंबरांनी खोकं घेऊन उलटसुलट करून पाहिलं. पत्ता होता, किंमत होती, हसरा कुत्रा होता. नाव कुठेच नव्हतं. मीही तेव्हाच शोधू लागलो. मला वाटायचं की कुठेतरी एक डॉक्टर आहे, ज्याने मला बघून पसंत केलं आहे, ज्याच्या जिवावर मी इतकी मिजास केली. असा डॉक्टर नव्हताच. मला पसंत करणारं कुणीच नव्हतं. छापखान्यात एक ओळ जुळवली होती, आणि मी तिच्या जोरावर एका मुक्या जिवाच्या गळ्यात बसलो होतो. कुणीतरी मला त्या क्षणी नाल्यात फेकून दिलं असतं तर फार बरं झालं असतं.

मग दिगंबरांनी एक गोष्ट केली, जी त्यांना कुणी सांगितली नव्हती. त्यांनी मला उचललं, माझी टोकं स्वतःच्या मनगटावर दाबून धरली, आणि नेहमी घरात शिरताना मारायचे तशी हाक मारली, “फुटाण्या!” मी झटका दिला. मला दुसरं काही येतच नव्हतं. त्यांचा हात उडाला आणि मी फरशीवर पडलो.

पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते टेबलाकडे बघत होते. हाक ऐकताच फुटाणा दचकून टेबलाला चिकटला होता, मान आखडून, डोळे मिटून, झटक्याची वाट बघत. त्याचा गळा रिकामा होता. मी पार जमिनीवर होतो. तरी त्याच्या नावाबरोबर त्याला मीच आठवलो, कारण रोज संध्याकाळी दारातून ही हाक यायची तेव्हा मी अजून त्याच्या गळ्यातच असायचो. दिगंबरांनी तोंडावर हात धरला.

चैत्राली रडत डॉक्टरांना म्हणाली की घंटी मी वाजवत होते. डॉक्टरांनी तिला जवळ घेतलं आणि तिच्याशी पुष्कळ वेळ बंगालीत बोलत राहिल्या. तू सांगितलं होतंस, ते मोठ्यांनी ऐकलं नाही, यात तुझा दोष नाही, असं काहीतरी. दिगंबरांना बंगाली फारसं येत नव्हतं, पण तेवढं त्यांना नीट कळलं. ते लेकीपाशी खाली बसले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “चुकलो मी, चैतू.”

जाताना ते मला कचऱ्यात टाकत होते. डॉक्टरांनी मागून घेतलं. त्यांनीच हा खिळा ठोकला. कुणी येऊन विचारतं की कुत्र्याला गप्प करायचा काही उपाय आहे का, तर त्या माझं खोकं पुढे करतात, ती ओळ वाचायला लावतात, आणि तोच प्रश्न विचारतात. मग मला हातात देतात. माझी टोकं बघून लोक मला पटकन परत करतात. रोज कुणीतरी आपल्याकडे बघून तोंड फिरवावं, ही शिक्षाच आहे, पण मी ती मान्य केली आहे.

फुटाणा आता दिवसभर यामिनीमाशिमांकडे असतो. दुपारी दोघं एकत्र झोपतात. सोसायटीत यापुढे कुणाचा कुत्रा एकटा राहणार असेल तर आधी मला सांगा, असं माशिमांनी बजावून ठेवलं आहे. त्याच्या जखमा भरल्या, पण तो भुंकेना. डॉक्टरांनी घाई करू नका म्हटलं. कालिंदी हल्ली देवापाशी घंटी वाजवत नाही, नुसता दिवा लावते. पुढच्या गणपतीत त्यांच्या घरी झांजा बंद ठेवल्या आणि सगळ्यांनी बसून हलक्या आवाजात आरती म्हटली. तरी तो खाली माशिमांच्या पलंगाखालीच राहिला. हे सगळं चैत्राली डॉक्टरांना सांगत असते, तेव्हा मी खिळ्यावरून ऐकतो.

परवा तो लस टोचून घ्यायला आला होता. दवाखाना भरलेला होता. एक मांजरवाले काका होते, ससा घेऊन आलेली एक मुलगी होती. फुटाणा नेहमी आला की माझ्याकडे पाठ करून चैत्रालीच्या पायांमागे बसतो. त्या दिवशी कुणाचा तरी धक्का लागून मी खिळ्यावर हललो, माझ्या डबीचा भिंतीवर टक् असा आवाज झाला. त्याने वळून वर पाहिलं. मला ओळखलं. त्याच्या पाठीवरचे केस उभे राहिले. आणि मित्रांनो, तो माझ्यावर भुंकला.

आवाज घोगरा होता. तो स्वतःच दचकला, मान आखडली, थोडा थांबला. काहीच झालं नाही. मांजरवाल्या काकांनी कपाळाला आठी घातली. दिगंबरांचं बोट सवयीने ओठांकडे गेलं होतं, लोकांना त्रास नको म्हणून. ते बोट त्यांनी अर्ध्यावरच खाली आणलं आणि तिथेच, सगळ्या लोकांत, जमिनीवर बसकण मारली.

“बोल रे बाळा,” ते म्हणाले. “बोल.”

तो बोलला. माझ्याकडे तोंड करून, पुढचे पाय रोवून, जे काही त्याच्या गळ्यात मी अडवून ठेवलं होतं ते सगळं त्याने मला सुनावलं. आणि मी ते मान खाली घालून ऐकलं, कारण त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

बाकीच्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मला जपू नका. माझ्यासारखं काही तुमच्या घरी येऊ पाहील, तेव्हा खोक्यावरचं वाचून विचारा, कोणत्या डॉक्टरांनी? तुमचा कुत्रा दिवसभर हाका मारत असेल, तर आधी जिना उतरून शेजारची बेल वाजवा. आणि कधी या दवाखान्यात आलात आणि तो माझ्यावर भुंकू लागला, तर कृपा करून त्याला गप्प करू नका.